ह्यांचं मशीन

माझ्या नातीच्या, यशूच्या कानाचं ऑपरेशन अगदी साधं होतं. डॉक्टरांनी कागदावर कानाचं चित्र काढून दाखवलं. पडद्यामागे पाणी साचलं होतं. पडद्याला बारीक छेद द्यायचा, पाणी ओढून घ्यायचं आणि त्या जागी तांदळाच्या दाण्याहून लहान नळी बसवायची. "पंद्रह मिनट का काम है, माताजी. शाम तक घर."

मेघना, माझी मुलगी, मझौलीला राहते. जावई अनुपम तिथे बँकेत आहे. तिकडे असला डॉक्टर नाही, म्हणून ती सव्वादोन वर्षांच्या यशूला घेऊन दहा दिवसांसाठी शहरात, चेरीतालला माझ्याकडे आली होती. दीड वर्षानंतर घरात तीन ताटं मांडली जात होती. मी शाळेतून पंधरा दिवसांची रजा घेतली.

निघताना डॉक्टर म्हणाले, "अब तक बेचारी पानी के अंदर से सुन रही थी. अब सब साफ सुनाई देगा. चार-पाँच रात परेशान करेगी, घबराइए मत."

पहिल्या दिवशी तर मजाच होती. यशूला आपल्याच पायातले पैंजण ऐकू आले. ती थांबली, खाली बघितलं, एक पाय आपटला. मग दुपारभर पाय आपटत घरभर फिरली. कुकरची शिट्टी झाली तशी पळत येऊन माझ्या साडीत तोंड लपवलं. फ्रिज सुरू झाला की बोट दाखवायची.

"आई, तुझं घर किती आवाज करून राहिलं!" मेघना हसून म्हणाली. "मला तर आजवर समजलंच नाही."

रात्री मात्र डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. दर तासा-दीड तासाला यशू दचकून उठायची, रडायची. मेघना तिला खांद्यावर टाकून फेऱ्या घालायची, ती थकली की मी. डिसेंबर होता. पंखा बंद, खिडक्या बंद, दुलईत शिरलं की घरात काही म्हणून हलत नसे. लांबून रेल्वेचा आवाज यायचा आणि विरून जायचा. झोप नसली की माणसाचं डोकं कापसासारखं होतं. दोन रात्रींत आम्ही दोघी तशाच झालो होतो, दिवसा काय बोललो ते संध्याकाळी आठवत नव्हतं.

तिसऱ्या रात्री यशू रडली नाही.

मी जागी झाले तेव्हा ती उठून बसलेली होती. दिव्याच्या मंद उजेडात तिची पाठ दिसत होती. ती कपाटाकडे बघत होती. मग तिनं ओठ ताणले आणि अगदी बारीक आवाज काढला.

"ईईईई..."

"काहून उठली गं माझी बाई?" मेघना झोपेतच पुटपुटली. "काय पाहून राहिली?"

यशूनं कपाटाकडे बोट केलं. "ईईईई..."

मी कान देऊन ऐकलं. काही नव्हतं. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी तिला थोपटून आडवं केलं, पण ती डोळे मिटेना.

मला तो आवाज ओळखीचा वाटला होता.

माझे यजमान नीलकंठ फॅक्टरीत होते. तेहतीस वर्षं लोखंडावर घण पडतात त्या शॉपमध्ये काढली आणि तिथेच कान गेले. ऐकायच्या मशीनशिवाय त्यांना भिंत आणि मी सारखीच. कानाच्या साच्यात ओतून बनवलेलं मशीन होतं. सकाळी उठून ते बसवायला घेतलं की शिट्टी वाजायची. ते मशीन कानात नीट बसलं नाही, किंवा त्याच्याजवळ हात नेला, की बारीक शिट्टी मारतं. हे बोटानं दाबत राहायचे. शिट्टी थांबली की बसलं. मग माझ्याकडे मान तिरकी करून म्हणायचे, "हां, बोल आता."

ते मशीन दिवसभर घालायचा मात्र त्यांना कंटाळा. काढून खिशात ठेवायचे. मग मी काही बोलले की कानामागे तळवा धरून, हनुवटी पुढे काढून विचारायचे, "काय?" दोनदा विचारायचे. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटायची, मग म्हणायचे, "बरं बरं." मला एकतीस वर्षांत हे पक्कं कळलं होतं. ऐकू आलं असेल तर वाद घालायचे. "बरं बरं" म्हणाले की समजायचं, एक अक्षर पोचलेलं नाही. एकदा मी सांगितलं, टाकी भरून वाहतेय, मोटर बंद करा. "बरं बरं," म्हणाले आणि पेपर वाचत बसले. जिन्यावरून पाणी खालच्या दुबेंच्या दारात गेलं. एकदा रागानं म्हटलं, मी चालले तुम्हाला सोडून. "बरं बरं. जाता जाता चहा टाक."

यशू सात महिन्यांची होती तेव्हा ते गेले. तिला ते आठवणं शक्य नाही.

चौथ्या रात्री पुन्हा तीन वाजून दहा मिनिटांनी यशू उठून बसली. "ईईईई" केलं. मग तो आवाज तिनं थांबवला, माझ्याकडे वळली, डावा तळवा कानामागे धरला आणि हनुवटी पुढे काढली.

"काय?"

तोवर यशूला सहा-सात शब्द येत होते. त्यात हा नव्हता.

मेघना ताडकन उठून बसली.

"फोटोत पाहिलं असेल," मेघना म्हणाली. "अल्बम दाखवला होता मी तिला... बाबांचा."

"फोटोत बाबांचा हात कानामागे कुठे आहे?"

"मग ऑपरेशनचं असेल. दुखत असेल कान..." तिचा आवाज उतरला. "आई, असं नको ना बोलूस. मी चार रात्री झोपली नाही."

यशू तशीच बसून होती, हात कानामागे, डोळे माझ्यावर. तिची मान झोपेनं डुलत होती, पण ती आडवी होईना. डोळ्यांखाली काळं आलं होतं. सव्वादोन वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांखाली! उत्तर मिळाल्याशिवाय ती झोपणार नव्हती.

ती काय विचारत होती, हे मला माहीत होतं. आजवर मी हे कुणाला सांगितलेलं नाही.

यजमान एकोणीस दिवस आयसीयूत होते. मी त्या दिवसांत घरी फक्त आंघोळीला जात असे. शेवटच्या संध्याकाळी नर्सनं मला आत बोलावलं. घाटावरून आणलेलं नर्मदेचं पाणी मी बरोबर ठेवलं होतं, ते चमच्यानं त्यांच्या ओठांना लावलं. नर्स हळू म्हणाली, "कान में भगवान का नाम ले लीजिए, आंटी. आखिर तक सुनाई देता है."

मी वाकले. नाव घ्यायचं होतं. पण तोंडून निघालं ते असं, "जा आता. मी थकले."

घरी आल्यावर हातातली प्लास्टिकची पिशवी उघडली. भरती केलं तेव्हा तिथल्या लोकांनी अंगावरच्या वस्तू काढून मला दिल्या होत्या. चष्मा, अंगठी, घड्याळ आणि मशीन. मी त्यांच्या कानात बोलत होते तेव्हा ती पिशवी माझ्या मुठीत होती. त्या वेळी एक बारीक शिट्टी ऐकू येत होती हे मला मागाहून आठवलं. मला वाटलं होतं, तिथलंच कुठलं यंत्र असेल.

नाव तर घेतलंच नाही. आणि जे बोलले, तेही पोचलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मेघना यशूला अंगाला तेल लावत होती, तेव्हा मी कपाट उघडलं. पिशवी खालच्या खणात तशीच होती. मशीनमध्ये जुनी बॅटरी राहिली होती. ती एरवी आठवडाभर टिकते. दीड वर्षात तिच्यावर पांढरी बुरशी धरली होती. मी ती नखानं उकरून काढली, मशीन पुसलं, झाकण उघडं ठेवलं. असं मशीन वाजू शकत नाही, हे मी मनाशी दोनदा म्हटलं.

त्या रात्री ते पुन्हा झालं. आधी "ईईईई", मग हात, मग "काय?" एकदा नाही, पहाटेपर्यंत. मेघना शेवटी भिंतीला टेकून रडायला लागली. "आई, मी उद्या अनुपमला बोलावून घेते. घरीच नेते हिला. तपासणी गेली खड्ड्यात."

"एक रात्र थांब," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून मशीनच्या दुकानात गेले. दुकानदारानं ओळखलं. "अरे आंटी, बहुत दिन बाद! अंकल कैसे हैं?"

"ठीक हैं," मी म्हटलं.

"उनसे कहिए, मशीन पहना करें. जेब में रखने से थोड़े ही सुनाई देगा." तो हसला. मीही हसले. बॅटऱ्यांचं पाकीट पर्समध्ये टाकून घरी आले.

रात्री मेघनाला बाहेरच्या खोलीत झोपायला पाठवलं. तिला काही सांगितलं नाही. यशूजवळ मी एकटी बसले. तीन वाजून गेले तशी ती उठून बसली, कपाटाकडे बघू लागली. मी बॅटरी घातली, झाकण बंद केलं आणि मशीन मुठीत धरलं. ते लगेच शिट्टी मारायला लागलं. हाताच्या जवळ ते मारतंच. यशूनं मुठीकडे पाहिलं. तिनं "ईईईई" केलं नाही. नुसता तळवा कानामागे नेला.

"काय?"

मी तोंड मुठीजवळ नेलं. तिच्या कानात बोलायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. तो शब्द त्या पोरीच्या कानात टाकायला माझी जीभ रेटली नसती.

"जा आता," मी म्हटलं. "मी थकले. खरंच थकले हो."

शिट्टी वाजत राहिली. मग थांबली.

माझी मूठ तशीच मिटलेली होती. मी बोट हलवलं नव्हतं. हे सकाळी मशीन कानात बसवताना शिट्टी जशी चालायची, तुटायची, पुन्हा लागायची आणि एकदम शांत व्हायची, तशीच ती शांत झाली.

यशूचा हात खाली आला. ती उशीवर कलंडली, तोंड उशीत खुपसून काहीतरी पुटपुटली आणि झोपली. मला ते कळलं नाही. मी मशीनकडेच बघत होते. मग मी खूप वेळ रडले, आवाज न करता. सवय असते.

ती सकाळी नऊला उठली. पुढच्या तीनही रात्री सलग झोपली. डॉक्टरांनी तपासून सगळं छान आहे म्हणून सांगितलं. अनुपम गाडी घेऊन आला आणि ते तिघं मझौलीला गेले. मी बॅटरी काढून वेगळ्या डबीत टेबलावर ठेवली, मशीन पिशवीत घालून कपाटात. घर आवरलं. त्या रात्री दीड वर्षानंतर मला गाढ झोप लागली.

काल रात्री मेघनाचा फोन आला. यशू कशी बडबडायला लागली आहे, कावळ्याला कशी हाक मारते, हे सांगत होती. आवाजात विश्रांती होती.

"आई, त्या रात्री तू काय जादू केलीस गं?"

"काही नाही. थोपटलं."

"खोटं. मी दाराशी उभी होती. तू काहीतरी बोलून राहिली होतीस, ते नाही ऐकू आलं. पण यशूचं आलं. तू शिकवलंस ना तिला ते?"

"काय?"

"झोपता झोपता म्हणाली ना, 'बरं बरं.' अगदी बाबांसारखं. मला तर हसूच आलं." मग ती जरा थांबली. "आई? आहेस ना?"

"आहे."

"अच्छा, पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे. चार दिवस राहायलाच येतो. आता तर ती तुझ्याकडे मस्त झोपते."

मी फोन ठेवला. त्या रात्रीचं मी पुन्हा मनात आणलं. मी बोलले तेव्हा शिट्टी वाजतच होती. ती थांबली माझं बोलणं संपल्यावर.

टेबलावर बॅटरीची डबी होती. मी उघडून पाहिली. बॅटरी आत होती. डबी बंद करेपर्यंत कपाटातून बारीक शिट्टी यायला लागली. या वेळी मलाही ऐकू येत होती. तुटत होती, पुन्हा लागत होती, कुणीतरी बोटानं दाबून बघावं तशी.

मी खुर्चीतच बसून राहिले.

मग शिट्टी थांबली. घरात अगदी शांत झालं. आता नीट बसलं होतं. आता मी बोलले असते तर ऐकू गेलं असतं.

'जा आता' हे दोन शब्द मला पुन्हा म्हणवेनात.