सहाव्या रिळातली फाइट

किल्लेदार पालथा पडला होता. जुने चित्रपट जतन करणाऱ्या त्या संस्थेच्या तळघरात, दोन मांडण्यांच्या मधल्या लाद्यांवर, दोन्ही हात पसरून. संचालकबाईंनी अकरा वाजता दार ढकललं आणि त्या किंचाळल्याच. मग मांडणीवरची रिकामी जागा दिसली आणि त्यांना किंचाळायचंही सुचेना. सहावं रीळ गेलं होतं.

बाहेर बाकावर आपटीबाई बसल्या होत्या. एकट्या, गेली दहा मिनिटं. इन्स्पेक्टरला तेवढं पुरेसं वाटलं.

किल्लेदार म्हणजे तिथला स्टोअरकीपर. पन्नाशीचा, अबोल, किल्ल्यांचा जुडगा सतत बाळगणारा, म्हणून हे नाव. आपटीबाई सत्तरीच्या. तरुणपणी त्या चित्रपटांत दुसऱ्यांच्या वतीनं पडायच्या. जिन्यावरून, गच्चीवरून, धावत्या जीपमधून. पडद्यावर नाव कधीच आलं नाही, पण हे टोपणनाव मात्र जन्माचं चिकटलं.

भांडण एका हेरपटावरून होतं. चाळीस वर्षांपूर्वीचा. त्याच्या सहाव्या रिळात, हॉटेलच्या लाँड्रीत, वाळत घातलेल्या चादरींमधून, नायक आणि खलनायक तीन मिनिटं एकमेकांना बुकलतात. संगीत नाही, नुसते दमलेले श्वास. ती फाइट नायकानं स्वतः केली असं तेव्हाच्या पोस्टरवर छापलं होतं आणि लोकांनी ते खरं मानलं होतं. आपटीबाईंचं म्हणणं एवढंच, की कोट नायकाचा, केसांचा टोप नायकासारखा, पण आत त्या होत्या.

"टोप सरकतो आणि माझा चेहरा दिसतो," काल येऊन त्यांनी संचालकबाईंना सांगितलं होतं. "पापणी लवते तेवढाच वेळ. आधी धुरकट होतं. आता तुम्ही रीळ लख्ख केलंय, आता दिसेल."

"उद्या अकराला या, एकत्र बघू," संचालकबाई म्हणाल्या होत्या. आज संध्याकाळी मोठा खेळ होता. चेहरा दिसला तर नामावलीत नाव, नाहीतर विषय संपला. आणि त्या रिळाची दुसरी प्रत कुठंच नव्हती.

"काल इथं काय ओरडलात, आजी?" इन्स्पेक्टरनं त्यांना तळघरात आणून विचारलं.

"आजी तुमच्या घरी. मला बाई म्हणा."

"बरं, बाई. 'ते रीळ माझं आहे' असं ओरडलात?"

"ओरडले नाही. माझा आवाजच तसा आहे. आणि आहेच ते माझं."

"आज याआधी तळघरात आलात?"

"नाही."

"मग दहा मिनिटं काय करत होतात?"

"गुडघे चोळत होते. तुम्हीही चोळाल, सत्तर होऊ द्यात."

नायकाचे चिरंजीव समोरच उभे होते. वडील गेल्यापासून त्यांच्या नावाचे सगळे सोहळे तेच बघत. "बाबांच्या कीर्तीवर डल्ला मारायला निघाली आहे ही बाई," ते म्हणाले. "चेहरा दिसणार नाही हे कळलं, म्हणून रीळच लांबवलं."

"उचलली जीभ, लावली टाळ्याला," आपटीबाई म्हणाल्या. "पुरावा माझा आणि चोरही मीच?"

शुद्धीवर आलेला किल्लेदार खुर्चीत मान धरून बसला होता. इन्स्पेक्टर त्याच्याकडे वळला.

"नेमकं काय झालं?"

"डब्यावरचं लेबल वाचत होतो. बारीक अक्षर. मागून मानेवर हाताची कड बसली. खाडकन. डोळ्यांपुढं काळोख आला."

"किती वेळ शुद्ध नव्हती?"

"दहा मिनिटं तरी."

"कोण होतं?"

"दिसलं नाही. पण असा फटका मारायला शिकलेलं माणूस लागतं," तो म्हणाला, आणि आपटीबाईंकडे बघायचं त्यानं टाळलं.

कोपऱ्यातल्या टेबलावर किल्ल्यांचा जुडगा, मनगटी घड्याळ, पेन आणि काड्या मिटलेला चष्मा असं सगळं ओळीनं पडलं होतं. चोरानं किल्ल्यांसाठी खिसे तपासले, अशी नोंद इन्स्पेक्टरनं केली. जबानीवर सही करायची वेळ आली तेव्हा किल्लेदारानं आधी तो चष्मा मागून घेतला. "याच्याशिवाय अक्षरं म्हणजे मला नुसत्या मुंग्या," तो पुटपुटला.

आपटीबाई त्याच्या हातांकडे बघत होत्या. तळव्यांना धूळ लागली होती. नाकाला मात्र साधं खरचटलेलंही नव्हतं.

बाईंची पिशवी उपसून झाली, संडासाची टाकीसुद्धा बघून झाली. दारावरचा पहारेकरी सांगत होता, सकाळपासून कुणी बाहेर गेलेलं नाही. जेवणाच्या ताटाएवढा डबा हवेत विरला होता. वरच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्याचे आवाज येत होते.  जेलची आपटीबाईंना फिकीर नव्हती. पण आज रीळ सापडलं नाही, तर आयुष्यभर खाल्लेल्या मारातलं एवढं एक, जे दाखवता येण्यासारखं होतं, तेही गेलं असतं.

"बाई, ठाण्यावर यावं लागेल," इन्स्पेक्टर म्हणाला.

"येते की. आधी माझ्या मानेवर मारा."

"काय?"

"हाताची कड. किल्लेदाराला बसली तशी. घाबरू नका, लेखी देते."

त्यानं कसाबसा एक टेकवला.

"सकाळपासून उपाशी आहात का?"

इन्स्पेक्टरला ते लागलं. दुसरा फटका बऱ्यापैकी बसला. बाईंचे डोळे पाणावले, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

"दुखलं. पण उभी आहे ना? सिनेमातले शे-दोनशे पहारेकरी पाडलेत मी या फटक्यानं, आणि तितक्याच वेळा मी स्वतः पडलेय. फाइट मास्तर एक-दोन-तीन म्हणायचे, तीनला पडायचं. खरोखर दहा मिनिटं बेशुद्ध झालेला माणूस दवाखान्यात असतो, साहेब. तो खुर्चीत बसून चटचट जबानी देत नाही."

 आपटीबाई टेबलापाशी गेल्या.

"आता हे बघा. किल्ल्या, घड्याळ, पेन. पडायचं काम शिकवताना पहिला धडा काय असतो? खिसे रिकामे करा. किल्ली बरगडीत घुसते, पेन मांडीत, घड्याळ मनगट फोडतं. ज्याला आपण पडणार हे आधीच माहीत असतं, तोच माणूस खिसे रिकामे करतो. आणि खिसे चाचपणारा चोर चष्म्याच्या काड्या मिटून ठेवत बसत नाही."

"चष्मा..." इन्स्पेक्टर म्हणाला.

"तोच. तो टेबलावर होता तर हा लेबल कशानं वाचत होता? मुंग्या मोजत होता का? शुद्ध हरपून लादीवर तोंडघशी पडलेल्याचं नाक जागेवर राहत नाही. हा तळवे टेकून पडलाय, अगदी बेतशीर. पाडलं कुणी नाही. हा आपणहून आडवा झालाय, आणि रीळ यानंच हलवलंय."

इन्स्पेक्टरनं हळूच चिरंजीवांकडे पाहिलं. "यांच्या सांगण्यावरून?"

"मी याला ओळखतही नाही," चिरंजीव म्हणाले, आणि ते खरं वाटलं.

"त्यांचा संबंध नाही," आपटीबाई म्हणाल्या. "पैशासाठी करणारा भाडोत्री असता तर डोकं दगडानं थोडं फोडून घेतलं असतं. यानं फटका निवडला तो नेमका त्या सिनेमातला. त्यात नायकाच्या फटक्यानं पहारेकरी पडतो, तस्साच हा पडला, हातसुद्धा तसेच पसरले. असं वेड्यासारखं प्रेम असलेलाच माणूस करतो. किल्लेदार, किती वेळा पाहिलास तो सिनेमा?"

किल्लेदारानं चष्मा काढला.

"एकोणसाठ," तो म्हणाला. "शाळेत पोरं मला रोज मारायची. ती फाइट बघून मी आरशासमोर उभं राहायला शिकलो. नायकासारखं. काल तुम्ही गेलात आणि मी रीळ भिंगाखाली धरलं. एकेक फ्रेम. टोपाखालून तुम्ही बघत होतात." तो बाईंकडे वळला. "मला सहन नाही झालं, बाई. मग मी राहिलो कुठं?"

आपटीबाईंना त्याचा राग आला आणि कीवही आली. राग जास्त होता.

"जिथं होतास तिथंच. चेहरा नायकाचा होता, ठोसा माझा होता. त्या पोरांपुढं उभं राहायला तुला मी शिकवलं. आणि तू मलाच चोर ठरवत होतास."

किल्लेदार उठला. दूरच्या मांडणीवरून त्यानं एक डबा काढला. लेबल शेतीच्या माहितीपटाचं होतं. पोलिसांनी सकाळपासून नुसती लेबलं वाचली होती.

"जाळायला हात धजला नाही," तो म्हणाला.

इन्स्पेक्टरनं त्याची जबानी नव्यानं लिहायला घेतली. संचालकबाईंनी रीळ यंत्रावर चढवलं. चादरी, कोट, ठोसा, टोप सरकतो. त्यांनी चित्र तिथं थांबवलं. तिशीतली एक बाई, ओठ फुटलेला, डोळ्यांत भीतीचा लवलेश नाही.

चिरंजीवांनी जवळ जाऊन चित्र बघितलं. मग म्हणाले, "नामावलीच्या शेवटी टाकू या. 'साहाय्य' म्हणून, बारीक अक्षरात. बाबांच्या अब्रूचाही विचार करायला हवा."

"नाही," आपटीबाई म्हणाल्या. "नायकाच्या नावाखाली लगेच. तेवढ्याच मोठ्या अक्षरात. 'लाँड्रीतली फाइट', आणि पुढं मी."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. तुमच्या बाबांनी प्रेम छान केलं, संवाद छान म्हटले. ते सगळं त्यांचंच राहू दे. मार मी खाल्लाय. तो मी कुणालाही देणार नाही."

संचालकबाईंनी कळफलक जवळ ओढला आणि नाव विचारलं. आपटीबाईंनी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव सांगितलं. ऱ्हस्व-दीर्घासकट. आणि ते दोनदा मोठ्यानं वाचून घेतलं.