प्रयागबाईच्या मळ्यात ठेवलेलं प्रस्थान

हे घडलेलं आहे. ज्याला भुताखेतांचं हसू येतं त्याने खुशाल हसावं, पण धनजच्या म्हाताऱ्या माणसांसमोर हसू नये. ती माणसं अजूनही कारंज्याच्या वाटेवर त्या मळ्यापाशी आली की बोलणं थांबवतात.

साल एकोणीसशे सत्तेचाळीस. वैशाखातली अवस.

यातलं काहीही मध्यरात्री घडलेलं नाही. वडाखाली नाही, मसणात नाही. सगळं उजेडात घडलं... तेच वाईट आहे.

धनजचा उदयसिंग लढाईत विमान चालवायला शिकला. लढाई संपली आणि सरकारने असल्या पोरांना पाठीवर थाप मारून घरी हाकललं. नागपूरला तेव्हा एक हवाई कंपनी निघाली होती. तिचं नाव लिहायला भीती नाही. पण ती कधीच बुडाली, आणि बुडालेल्याला शिव्या देण्यात मजा नाही.

मालकाला विमानं स्वस्तात हवी होती. आसामच्या जंगलात लढाईची विमानं पावसात सडत पडली होती, त्यातली त्याने लिलावात उचलली. एकाच्या पोटात झाड उगवलं होतं. झाड उपटलं, भोकं बुजवली, वरून चंदेरी रंग फासला.

वैमानिक निवडताना मॅनेजरने त्याच विमानासमोर उभं करून एकेकाला विचारलं, "हे उडवशील?"

जे नाही म्हणाले ते घरी गेले. उदयसिंग हो म्हणाला. पोटाला लागलेला माणूस काय म्हणणार?

आपल्यासोबत त्याने केनवडच्या इंद्रभानलाही कामाला लावून घेतलं. इंद्रभान लढाईत बिनतारी यंत्रावर होता. विधवा आईचा एकुलता एक. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "दादा, त्या झाडवाल्या इमानात तुमी असले तरच मी बसीन. दुसऱ्या कोणासंगं नाई."

फेऱ्यांच्या मधे उदयसिंग घरी येई. मूर्तिजापूरला उतरायचं, मग लहान्या रुळांच्या गाडीने कारंजा, तिथून बैलांची दमणी. आभाळातून जाणाऱ्या माणसाला घर गाठायला अख्खा दिवस लागे. पारावरची माणसं विचारत, "इमान इथंच काहून नाई उतरवत बे? मोहनसिंगाचं वावर रिकामंच तं आहे."

मोहनसिंग म्हणजे त्याचा बाप. तोही हसे.

आई मात्र हसत नसे. तुळसाबाई दर खेपेला त्याचं प्रस्थान ठेवायची. जायचा दिवस वाईट असला, की आधीच्या चांगल्या दिवशी माणसाची एखादी वस्तू, तांदूळ, सुपारी आणि हळकुंड फडक्यात बांधून वाटेवरच्या घरी ठेवायचं. म्हणजे माणूस निघाला, असं धरतात. जाताना त्याने ते स्वतःच्या हाताने उचलायचं. आणि बेत मोडला, तर त्यानेच जाऊन घरी परत आणायचं.

बेत क्वचित मोडतो. म्हणून हे शेवटचं कोणाच्या ध्यानात राहत नाही.

या खेपेला अवसेलाच निघायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते झाडवालं विमान माल घेऊन जबलपूरकडे जाणार होतं. तुळसाबाईने आधीच चांगला दिवस पाहून त्याची कंपनीची टोपी गाठोड्यात बांधली आणि प्रयागबाईच्या मळ्यातल्या राखणीच्या खोपडीत ठेवून आली. प्रयागबाई माळीण. तिचा भाजीचा मळा कारंज्याच्या वाटेला लागूनच.

पण अवसेच्या आदल्या संध्याकाळी उदयसिंग बंगईचा झोका थांबवून उठला आणि म्हणाला, "माय, मी जात नाई."

"काहून रे?"

"मागच्या खेपेला डावं इंजिन आग ओकत होतं. मॅनेजर म्हणते, रंग लावून घेऊ. मी नसलो तं त्या इमानाले दुसरा कोणी हात लावत नाई. इंद्रभानही बसत नाई. ते जागेवरच उभं राहीन."

"अन् नोकरी?"

"गेली तं गेली."

तुळसाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने सकाळी पुरण घातलं. घरात सगळे खूश होते.

गाठोडं कोणाला आठवलं नाही.

सकाळी ऊन वर आल्यावर प्रयागबाई वांग्यांची पाटी घेऊन दारात आली. उदयसिंग ओट्यावर दाढी करत होता. ती जागच्या जागी उभी राहिली.

"बापू... तुमी?"

"मंग कोण पाह्यजे तुले?"

"परत काहून आले? गाडी चुकली काय?"

"मी गेलोच कुठी?"

प्रयागबाईने पाटी खाली ठेवली. 

"फटफटल्यावर आले ना तुमी मळ्यात. मी मोटेवर होती. खोपडीतून गाठोडं घेतलं. म्या इचारलं, दमणी नाई आणली काय? तुमी बोलले नाई. तसेच निंगाले."

उदयसिंगचा भाऊ हेमसिंग हसला. "मावशे, सकाळी सकाळी काय घेतलं?"

"तुह्या बापानं पाजली तेच," ती म्हणाली. पण तिच्या तोंडावर हसू नव्हतं. "माहं कुत्रं बाजेखाली घुसलं ते अजून निंगालं नाई."

दोघे भाऊ मळ्यात गेले.

खोपडीत गाठोडं नव्हतं.

जमीन रात्रीच सारवलेली, अजून ओलसर. तिच्यावर बुटांचे ठसे होते. टाचेला नालाची अर्धी खूण. उदयसिंगच्या बुटांची तशीच खूण होती... आणि त्याचे बूट घरी खाटेखाली होते.

ठसे गाठोडं ठेवलेल्या कोनाड्यापासून सुरू होत होते. तिथून दारात, दारातून वाटेला, वाटेने कारंज्याकडे.

आत यायचा एकही ठसा नव्हता.

हेमसिंगने दमणी जुंपली. बैल असे पळवले की कारंज्याला पोचेपर्यंत त्यांच्या तोंडाला फेस आला. लहानी गाडी निघून गेली होती.

स्टेशनवरच्या हमालाने उदयसिंगला पाहिलं आणि विडी खाली टाकली.

"साहेब, तुमी तं गाडीत बसले... म्या सलाम केला. तुमी पाह्यलंही नाई माह्याकडे."

दुसरी गाडी आता उद्याचीच. ती धरून विमानाआधी नागपूर गाठणं होणार नव्हतं. त्याने तार केली. मी आलेलो नाही. तिथे जो आहे तो मी नाही. विमान उडवू नका. तारबाबूने दोनदा वाचलं, त्याच्याकडे पाहिलं आणि पाठवलं.

"घोडा कर कुठून तरी," उदयसिंग हेमसिंगला म्हणाला. "अमरावतीच्या सडकेले एखादा ट्रक भेटीन. रातभर जातो."

मागून दुसऱ्या बैलगाडीने आलेली तुळसाबाई उतरली आणि त्याच्या हाताला धरून उभी राहिली. तिची बोटं थंड होती. वैशाखात.

"नाई जायचं."

"माय, इंद्रभान बसीन त्याच्यात. मी आलो म्हणून बसीन."

"तू तिथं गेला तं दोघं होसान," ती हळू म्हणाली. "दोघं राहत नाईत. एकच राहते."

तो थांबला. आईने धरलं म्हणून थांबला, की स्वतःच्या भीतीने, हे त्याने नंतर कोणालाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घराच्या धाब्यावर उभा होता. आभाळ कोरडं. एक ढग नाही. कडुलिंबावर साळुंक्यांचा कलकलाट चालला होता.

एकदम साळुंक्या गप्प झाल्या.

मग आवाज आला... इंजिनाचा. उत्तरेकडून, लांबून. त्याच्या कानाला तो कळला. दोन इंजिनांचा नव्हता. एकाचाच होता.

आवाज डोक्यावर आला. वर काही नव्हतं. नुसतं पांढरं ऊन.

"कशाचं आहे रे ते?" खालून आईने विचारलं. म्हणजे तिलाही ऐकू येत होतं.

आवाज थांबला. विझत गेला नाही. तोडल्यासारखा थांबला.

विमान जबलपूरला पोचलं नाही. कुठे पडलं तेही कळलं नाही. कंपनीने दोन-चार दिवस शोधल्यासारखं केलं आणि सोडून दिलं. माल विम्याचा होता. माणसं काय, पुन्हा भरती काढली की रांग लागते.

आठवड्याने कंपनीचा मिस्त्री गोपीचंद तुळसाबाईला भेटायला म्हणून धनजला आला. पोरगा गेला, दोन शब्द बोलावे. ओट्यावर उदयसिंग बसलेला पाहून तो अंगणातच खाली बसला. पाणी पाजल्यावर तोंड उघडलं.

"तुमची तार आलती. मॅनेजरनं तुमच्याच हातात देल्ली. म्हणे, पाहा, तुमच्या नावानं कोण मजाक करून राह्यला. अन् परत घेऊन फाडून फेकली."

"मंग तो... काय म्हणाला?"

"काईच नाई. सांजेपासून एक सबद नाई. इंद्रभाननं इचारलं, दादा, इंजिनचं काय? तुमी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो बसला." गोपीचंदने वर पाहिलं. "त्या खांद्याले तो जाईपर्यंत चोळत होता. म्हणे, लय गार लागलं."



आणि मग केनवडहून मनकर्णाबाई आली. इंद्रभानची आई. तिला कोणीतरी सांगितलं होतं की विमान चालवणारा जिता आहे, घरी आहे.

ती रडली नाही. ओट्याखाली उभी राहिली. तुळसाबाईने पुढे केलेलं पाणीही घेतलं नाही. ती उदयसिंगकडे वळली.

"तुमच्या भरवशावर गेलता तो," ती म्हणाली. "तुमी परत आले. मंग माह्यावाला कुठी आहे?"

मावशी, मी गेलोच नव्हतो. एवढंच त्याला सांगायचं होतं. त्याचे शब्द तयार होते. त्याने तोंड उघडलं...

"नर्मदेच्या अलीकडे," तो म्हणाला. "सागाच्या रानात नाला आहे, त्याच्या काठाले दोन जुळे मोह आहेत. मोहाले पाठ टेकून बसला आहे तो. पाय मोडला होता. दोन दिवस आवाज देत होता."

त्याने ते रान जन्मात पायाने पाहिलं नव्हतं.

त्याच्या शेजारी उभी असलेली तुळसाबाई एक पाऊल बाजूला सरकली. स्वतःच्या पोरापासून.

मनकर्णाबाईने पुढे काही विचारलं नाही. तिने भाऊबंद जमवले, गोपीचंदला सोबत घेतलं आणि त्या रानात गेली. गोंडांच्या पाड्यावर विचारत विचारत ते नाल्यापर्यंत पोचले. जुळे मोह होते. इंद्रभान बसलेला होता. पाय मोडलेला.

वर थोड्या अंतरावर विमान होतं. पुढचं नाक चेपलं होतं, वैमानिकाची डावी खुर्ची मात्र धड होती. तिचा पट्टा बांधलेला, घट्ट आवळलेला. गोपीचंदने स्वतः तो सोडवला.

आत कोणी नव्हतं. रक्ताचा थेंबही नव्हता.

कंपनीने कागदावर लिहिलं की वैमानिक पळाला. मालकाने उरलेली विमानं दुसऱ्या कोणाला विकली. त्यांना पुन्हा रंग लागला असेल, पुन्हा पोरं रांगेत उभी राहिली असतील.

उदयसिंग म्हातारा होऊन मेला. त्याने शेती केली, लग्न केलं, पोरं झाली. पण धनजची शीव तो कधी ओलांडून गेला नाही. कारंज्याच्या बाजाराला नाही. सासुरवाडीला नाही. पोरीच्या लग्नात वरात वाटेला लावायलाही तो शिवेपर्यंतच गेला.

एकदा हेमसिंग चिडून म्हणाला, "लेका, आता कायले भेतं? काय होते बाहेर निंगाल्यानं?"

उदयसिंग बैलाला वैरण टाकत होता. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

"मी निंगालेलोच आहो," तो म्हणाला. "अजून परत कुठी आलो? परत आल्याबिगर दुसऱ्यांदा कसं निंगावं?"