मिसेस गुडलोंचं स्वयंपाकघर

"त्या खिडकीचा पडदा तेवढा ओढ, ट्रॉय," एमेट म्हणाला. "मग सांगतो."

एमेट साउअरने सारी हयात गावच्या वर्तमानपत्रात काढली होती, आणि त्यातली निम्मी महापालिकेशी भांडण्यात. त्या रात्री त्याच्याकडे वर्तमानपत्रातली दोन नवी पोरं बसली होती, ट्रॉय आणि दानिका. बाहेर ओहायो नदीवरून बोचरा वारा येत होता. बिअर संपत आली होती.

"गोष्ट भुताची आहे का, काका?" दानिकाने विचारलं.

"महापालिकेची आहे. भूत नंतर येतं."

"महापालिकेला भूत कशाला लागतंय? तिथली माणसं कमी आहेत का?" ट्रॉय म्हणाला.

एमेट हसला नाही. "लेन हॅव्रिलॅक माझ्या ओळखीचा होता. त्याने सांगितलं तेच सांगतोय. पदरचं काही घालत नाही."

आणि त्याने सांगितलं ते असं.

नोव्हेंबरातला पहिला रविवार होता, घड्याळं तासभर मागे करतात तो. त्या दिवशी पाचालाच अंधार पडतो, आणि आपली संध्याकाळ कुणीतरी उचलून नेली असं दर वर्षी नव्याने वाटतं. लेन दुपारी जेवून बाहेर पडला. काम साधं होतं. मेन स्ट्रीटवरच्या जुन्या बँकेत गावाचं संग्रहालय आहे. तिथे जुन्या फोटोंचं प्रदर्शन लागणार होतं. सगळे फोटो आतून काढलेले: पोलाद कारखान्याच्या मालकाचा दिवाणखाना, न्हाव्याचं दुकान, चर्चमधले बाक. त्यात एक फोटो लेनने काढलेला होता. मजकूर एकदा नजरेखालून घाला, असा संग्रहालयाच्या मार्टा लिंडक्विस्टचा फोन आला होता.

लेनने ऐंशी ओलांडली होती. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तो फर्न स्ट्रीटवर एकटाच राहायचा. आपलं काहीतरी भिंतीवर लागतंय म्हणून त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. कुठला फोटो, हे विचारायचं त्याला सुचलंच नाही.

फोटो दाराएवढा मोठा केलेला होता.

एक स्वयंपाकघर. खिडकीला पडदा नाही. मधोमध कपडे धुवायचा पत्र्याचा टब. भिंतीला उभी केलेली डागाळलेली गादी. छताला ओल. उजव्या कडेला एक पाटी, तिच्यावर खडूने टॅनर स्ट्रीटचा पत्ता. पाटी धरलेली चार बोटं तेवढी दिसत होती. बाकीचं माणूस फोटोच्या बाहेर.

खाली छापलं होतं, 'झोपडपट्टीतील स्वयंपाकघर, १९६४. छायाचित्र: लेन हॅव्रिलॅक.'

"काय जिवंत आहे हो," मार्टा म्हणाली. "नुसतं बघूनच कुबट वास येतो. कशी राहत असतील माणसं. कुणाचं घर हे, आठवतं? नाव मिळालं तर घालू."

"तेव्हा शेकडो घरांचे फोटो काढले," लेन म्हणाला. "कुणाकुणाचं लक्षात ठेवणार?"

"आणि ही बोटं?"

"मदतनीस असायचा माझा."

"बाईची वाटतात."

"नाजूक होता पोरगा," लेन म्हणाला आणि टोपी घालून निघाला.

मदतनीस त्याला कधीच नव्हता. आणि ते घर तो एक दिवसही विसरला नव्हता.

टॅनर स्ट्रीट म्हणजे आज जिथे हायवेचा उतार आहे आणि खाली गाड्या लावतात, ती जागा. तेव्हा तिथे काळ्या लोकांची घरं होती. राबून, पै पै जोडून घेतलेली. महापालिकेला ती जागा हवी होती. वॉशिंग्टनहून पैसा मिळणार होता, पण वस्ती राहण्याच्या लायकीची नाही हे दाखवलं तरच. म्हणून बाविशीतल्या लेनच्या हातात कॅमेरा दिला. साहेबाने एवढंच सांगितलं, "स्वच्छ खोल्यांचे फोटो आणायचे असतील तर उद्यापासून येऊ नकोस."

वर्लीन गुडलो पन्नाशीची विधवा. शाळेच्या मुदपाकखान्यात कामाला. फोटोवाला येणार म्हटल्यावर तिने घर लख्ख केलं होतं. जमिनीवर पसरलेल्या लिनोलियमच्या गुळगुळीत आवरणाला मेण लावलं होतं, खिडकीला खळ घातलेले पांढरे पडदे होते, टेबलावर फडक्याखाली मक्याचा पाव होता. तेवढं छत मात्र गळत होतं.

"फोटो कशाला हो, साहेब?" तिने विचारलं.

"महापालिका छत दुरुस्त करून देणार आहे," लेन म्हणाला. "पण घर असं चकाचक दिसलं तर कोण पैसे देईल, वर्लीन? जरा वाईट दिसू दे."

त्याची आई तिच्याच वयाची होती. तो तिला वर्लीन म्हणत होता, ती त्याला साहेब.

ती हसली. "असं होय. मग आधी नाही का सांगायचं? गुडघे सोलून निघाले माझे घासून घासून."

तिने स्वतःच पडदे उतरवले. नीट घडी घालून खुर्चीवर ठेवले. मागच्या ओसरीवरून टब ओढत आणला. वर माळ्यावर टाकून द्यायची गादी होती, ती दोघांनी मिळून जिन्याने खाली आणली. "आणखी काही बिघडवू का?" तिने विचारलं. हौसेने विचारलं.

मग त्याने तिच्या हातात पाटी दिली. तिच्याच घराचा पत्ता, तिच्याच हातात.

"थोडी डावीकडे सरक, वर्लीन. हं. आता हलू नकोस."

त्या काळी दर फोटोला फ्लॅशचा एक बल्ब जळायचा. लेनने तो गरम बल्ब कॅमेऱ्यातून तसाच खाली पाडला. मेण लावलेल्या लिनोलियमवर तो चर्र करून चिकटला आणि नाण्याएवढा तपकिरी डाग पडला. ती गुडघ्यावर बसून एप्रनच्या टोकाने पुसत राहिली. डाग गेला नाही.

"असू दे," ती म्हणाली. "खुर्ची ठेवीन मी त्याच्यावर."

वसंतात टॅनर स्ट्रीट पाडली. ती बहिणीकडे डेटनला गेली आणि पुढचा हिवाळा काही तिने पाहिला नाही. लेनने ते वर्तमानपत्रात वाचलं, पान उलटलं.

"हरामखोर," ट्रॉय पुटपुटला.

"थांब," एमेट म्हणाला. "अजून तो घरी पोचायचाय."

लेन घरी पोचला तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. टोपी खुंटीला अडकवून तो स्वयंपाकघरात गेला. काहीतरी वेगळं वाटत होतं. उजेड जास्त होता. रस्त्यावरचा दिवा थेट आत येत होता.

खिडकीला पडदे नव्हते.

त्याच्या बायकोने शिवलेले पिवळे पडदे. ती गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता. आता ते खुर्चीवर होते, घडी घातलेले. त्यांना खळीचा वास येत होता.

भाचीकडे किल्ली असते, हे त्याला आठवलं. मग हेही आठवलं की भाची फ्लोरिडात आहे. त्याने पडदा उचलला, परत लावायला म्हणून. तेवढ्यात मागच्या ओसरीवर काहीतरी फरफटलं. तो बघायला गेला. ओसरी मोकळी होती, दाराला कडी होती.

परत आला, तर स्वयंपाकघराच्या मधोमध टब. त्याचाच, तळघरातला. दुखऱ्या गुडघ्यांमुळे त्याने वर्षभरात तळघराची पायरी उतरली नव्हती.

आता त्याला कळलं. आधी पडदे. मग टब. मग...

वर जिना करकरला.

कुणीतरी जड काहीतरी खाली आणत होतं. सावकाश. एक पायरी, थांबणं, दुसरी पायरी. पावलं दोघांची होती. एक जोडी जड, थकलेली, सपाट तळव्यांची. दुसरी हलकी. चपळ. तरुण पोराची.

लेनने जिन्याकडे पाहिलं नाही. ती दुसरी पावलं कुणाची, हे त्याला बघायचं नव्हतं.

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मागून काहीतरी मऊ, मोठं भिंतीला टेकल्याचा आवाज आला.

"आणखी काही..." कुणीतरी म्हटलं. हळू. हौसेने.

भिंतीवर फोन होता. त्याने चाचपडत नंबर फिरवला.

फोन एमेटच्या घरी वाजला. टॅनर स्ट्रीटच्या फोटोंवरून एमेट एकदा त्याच्या मागे लागला होता. तेव्हा लेनने त्याच्या तोंडावर दार लावलं होतं.

"एमेट... लिहून घे."

"कोण? लेन? काय लिहू?"

फोनवर नुसता श्वास.

"लेन, बरा आहेस ना?"

"तिचं नाव... ते घर..." साठ वर्षं न उच्चारलेलं नाव जिभेवर येईना.

मग एमेटला फोनमधून दुसरा आवाज आला. बाईचा. दुरून आलेला, पण स्वच्छ. अगदी नम्र.

"थोडा डावीकडे सरक, लेन."

...

"हं. आता हलू नकोस."

"मिसेस गुडलो," लेन म्हणाला. "मिसेस वर्लीन गुडलो. चुकलो हो मी. तुमचं घर मीच... तुम्ही..."

समोरच्या घरातली बाई तेव्हा कुत्र्याला घेऊन बाहेर आली होती. ती सांगते, लेनची खिडकी एकदम पांढरी झाली. एकदाच. मग काळोख.

एमेट धावत पोचला. पुढचं दार उघडंच होतं. लेन स्वयंपाकघरात ताठ उभा होता. डोळे उघडे, गालांवर पाणी. एक हात बाजूला लांब धरलेला आणि चार बोटं कशाभोवती तरी वळलेली. हातात काही नव्हतं. ती बोटं एमेटला एकेक करून सोडवावी लागली.

उजाडेपर्यंत लेन बोलत होता. सकाळी तो संग्रहालयात गेला आणि मार्टासमोर सगळं कबूल केलं. त्या फोटोखाली आज जे लिहिलंय ते त्याने तिथे उभं राहून लिहून घेतलं: 'मिसेस वर्लीन गुडलो यांचं स्वयंपाकघर. खोली छायाचित्रकाराने मुद्दाम बिघडवली. पाटी धरलेला हात त्यांचा.' महापालिकेतून फोन आले, जुनी प्रकरणं कशाला उकरता म्हणून. मार्टाने ते आपटले. बरं केलं.

"मग सुटला तो?" दानिकाने विचारलं.

"कशातून सुटणार? घर परत उभं राहिलं का? तिला छत मिळालं का?" एमेट म्हणाला. "पडदे त्याने पुन्हा लावले नाहीत. म्हणायचा, तो हक्क माझा नाही. वसंतात गेला."

एमेटने उरलेली बिअर संपवली.

"त्या रात्री त्याच्या स्वयंपाकघरात जमिनीवर एक डाग होता. नाण्याएवढा, तपकिरी. मी बोट लावलं तर चटका बसला. जळलेला बल्ब कुठेच सापडला नाही. टेबलाखाली बघितलं, टबात बघितलं."

"आता कोण राहतं तिथे?"

"एक तरुण जोडपं. त्यांनी जमीन उखडून नव्या फरशा घातल्या. मागच्या महिन्यात मी गेलो होतो. पोरीने कॉफी दिली. स्वयंपाकघरात एक खुर्ची होती, भलत्याच जागी. ना टेबलाजवळ, ना भिंतीला. जाता-येता पायात येईल अशी. मी म्हटलं, ही इथे का ठेवलीस? तर म्हणाली, तिच्याखाली डाग आहे. फरशी दोनदा बदलली, जात नाही."

"म्हणून खुर्ची ठेवते," ट्रॉय म्हणाला.

एमेटने पडद्याकडे पाहिलं.

"मीही तेच म्हटलं तिला. ती म्हणाली, खुर्ची मी नाही ठेवत. मी रोज रात्री टेबलाला लावून झोपते."