पोकळ की पक्कं

शेकोटी आहे तशी राहू द्या, आता काटकी टाकू नका. गोष्ट दारव्ह्याकडच्या उकंडाची आहे. म्हातारा अजून हयात आहे, पटलं नाही तर जाऊन विचारा. मात्र मोठ्यानं विचारा, त्याला कमी ऐकू येतं.

गेल्या साली जानेवारीची एकोणतीस तारीख, बुधवार, अमावस्या. त्याच्या बायकोनं, रुखमाबाईनं, नातीसाठी गोधडी शिवली होती. ती पोचवायला उकंडा वणीकडे पोराच्या घरी गेला. राजदीपनं तिथं गावाच्या कडेला दोन खोल्यांचं नवं घर बांधलेलं. खाली चकचकीत टाइल, त्याही त्यानं स्वतःच बसवलेल्या.

जेवताना सुनेनं, सत्यशीलेनं, दोनदा विचारलं, "मामाजी, भाकर वाढू?"

उकंडा आपला नातीकडे पाहत बसलेला.

"चहा म्हटला असता तं बरोबर आला असता ऐकू," ती नवऱ्याला हळूच म्हणाली.

"चहा मांडला काय?" उकंडानं विचारलं, आणि घर हसलं.

पण हा कान आधी असा नव्हता. उकंडा तिकडच्याच एका भुयारी कोळसाखाणीत कामाला होता. तिथं छताखाली जाण्याआधी छत ठोकून पाहतात. एक जण सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, मारतो, दुसरा ऐकतो. घट्ट छत टणकन बोलतं. आत फट असली की आवाज बसतो, चीर गेलेल्या मडक्यासारखा. ऐकणारा म्हणतो, "पोकळ." मग ठोकणारा तिथं खडूनं फुली मारतो, आणि त्या फुलीखाली कोणी पाय ठेवत नाही. ऐकणारा उकंडा, ठोकणारा डोंगरसिंग. त्याचे ठोके दोन जवळ, एक लांब. दिवा विझला तरी उकंडा सांगायचा, हा डोंगरसिंगचा हात.

एक दिवस सुरुंग उडाला आणि उकंडाच्या कानात नुसती शिट्टी वाजू लागली. ठोका ऐकूच आला नाही. पण सारी खाण ज्याच्या कानाचं नाव घेते, त्यानं ते सांगावं कसं? डोंगरसिंगच्या मनात शंका होती. फुलीची एक रेघ ओढून त्यानं मागं पाहिलं.

"पोकळ वाटते मले. तू सांग."

"पक्कं हाय," उकंडा म्हणाला.

दुसरी रेघ राहून गेली. डोंगरसिंग छताखाली गेला, आणि छत खाली आलं.

हे उकंडानं रुखमाबाईलाही कधी सांगितलं नाही. जे काही सांगितलं, ते या रात्रीनंतर.

तर जेवणं झाली. चार वर्षांची प्रियंका नवी गोधडी घेऊन आतल्या खोलीत आईजवळ खाली झोपली. उकंडा आणि राजदीप बाहेरच्या खोलीत.

सव्वादोनला उकंडाला जाग आली. आवाजानं.

शेजारी राजदीपचं तोंड उघडं होतं, छाती वरखाली होत होती. घोरणं ऐकू येत नव्हतं. रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला, भिंतीवरून उजेड सरकला. ट्रक ऐकू आला नाही. ऐकू येत होतं ते एकच.

टक टक... टक.

खालून.

तो उठला. आवाजामागं आतल्या खोलीत गेला. गुडघे टेकले. कान टाइलला लावला.

टक टक... टक.

मग शांत. कोणी उत्तराची वाट पाहावी तसं शांत.

"राजदीप, ऊठ. पोरीले बाहेर घे."

"काय झालं बाबा?" राजदीपनं त्याच्या कानाशी येऊन मोठ्यानं विचारलं.

"खालून ठोकून राह्यला कोणी."

राजदीपनं कान लावला. बराच वेळ. "मले तं काहीच नाही ऐकू येत. तुमचे कान वाजत असन. झोपा ना आता."

कान वाजत असतील...

तेव्हाही वाजत होते.

टक टक... टक.

या वेळी प्रियंकाच्या डोक्याखालून. आवाज बसका. चीर गेलेलं मडकं.

उकंडा खाली वाकला.

"पोकळ हाय, डोंगरसिंग," तो म्हणाला. "त्या दिवशी मले ऐकूच नोहतं आलं. खोटं बोललो मी."

ठोका थांबला.

त्यानं नातीला गोधडीसकट उचललं आणि अंगणात चालता झाला. मागून सत्यशीला अनवाणी धावली, तिच्यामागं राजदीप.

"मामाजी, थंडी किती हाय, पोरगी..."

आतून आवाज आला. मोठा नाही. भरलं पोतं टाकल्यासारखा.

राजदीपनं दारातून बॅटरी मारली. आतल्या खोलीत जमीन नव्हती. उजेड तळाला पोचत नव्हता.

सकाळी लोक जमले. इथं खाली खाणीची जुनी भुयारं आहेत, जमीन बसते, म्हणाले. बसत असेल. त्याचं मला नवल नाही.

खड्ड्याच्या काठावर एक टाइल उलटी पडली होती. प्रियंकाचं डोकं होतं तिथली, राजदीपनं सिमेंटात बसवलेली. तिच्या पाठीवर खडूची फुली होती. एक रेघ जुनी, पिवळट, पुसत आलेली.

दुसऱ्या रेघेला सत्यशीलेनं बोट लावलं.

बोट पांढरं झालं.