धुक्यातून आलेली ओळ

सतराशे सत्याहत्तरच्या एप्रिलात, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, कनेक्टिकटच्या किनाऱ्यावरून सात माणसं एका लांबट होडीतून निघाली, ती एकाच कामाला. खाडीच्या तोंडाशी नांगरलेल्या इंग्रजी गलबतातून जेरेडला सोडवायचं! ओहोटी लागली की गलबत न्यूयॉर्ककडे सुटणार होतं, आणि तिथल्या कैदी-जहाजांतून क्वचितच कुणी जिवंत परत येई.

सुकाणूवर जेरेडचा थोरला भाऊ एलिफलेट होता. उजाडून तास झाला, तरी धुक्यात होडीचं पुढचं टोक दिसेना. दोन्ही अंगांना लव्हाळ्याची दलदल, मधून जेमतेम होडीपुरती वाट.

"प्रार्थनाघराचे डीकनसाहेब वाळूच्या टोकावर उभे राहून स्तोत्र म्हणतील," तो कुजबुजला. "आवाज डाव्या हाताला ठेवायचा. आपण तोंड उघडायचं नाही."

"मी रविवारीसुद्धा उघडत नाही," एसा म्हणाला.

"म्हणून तर मंडळी सुरात असते, बाबा," म्हातारे सायलसकाका पुटपुटले.

दोनदा होडी चिखलात रुतली. दोनदा मांडीभर गारठ्यात उतरून त्यांनी ती ढकलली. आणि मग तो आवाज आला! डीकन केचम यांचा भरदार, मायाळू आवाज. गावाच्या प्रार्थनाघरात स्तोत्रांची पुस्तकं दोन-तीनच. म्हणून वीस वर्षं डीकन एक ओळ गात आणि सारी मंडळी तीच ओळ उचलून धरी. बारशाला, मयताला, दुष्काळात. त्या आवाजानं किती जणांचे डोळे पुसले होते!

पहिली ओळ धुक्यात विरली. वल्ही चालली.

दुसरी ओळ आली, आणि सायलसकाकांच्या गळ्यानं ती उचलली. त्यांना स्वतःलाही कळलं नाही. मागोमाग एसानं. एलिफलेटचे ओठही हलले.

धडाम!

होडीची कड उडाली. सायलसकाका वल्ह्यावर कोसळले. त्यांचा सूर उठला, नेमका तिथंच तोफेचा गोळा पडला होता.

"आवाज डावीकडून नाही," एसा ओरडला, "समोरून येतोय!"

समोर धुक्यात गलबताची काळी सावली होती. त्यातून जेरेडची किंकाळी आली, "एली, मागे फिर! डीकन फितूर झालेत, इथंच आहेत, कप्तानाच्या शेजारी! दोन तोफा आहेत!"

पन्नास हातांवर भाऊ. होडीत गुडघाभर पाणी. सहा माणसं त्याच्या तोंडाकडे पाहत होती. त्यांतल्या एकाचा श्वास घरघरत होता.

"फिरवा," एलिफलेट म्हणाला.

दुसरा गोळा लव्हाळ्यात घुसला. टोप्यांनी पाणी उपसत, चिखलातून होडी ओढत ते दुपारी किनाऱ्याला लागले. जेरेड हातचा गेला होता. सायलसकाका वाटेतच गेले होते.

धक्क्यावर डीकनांची बायको मेहिटेबल गरम रस्सा घेऊन सकाळपासून उभी होती.

"आमचे हे कुठे राहिले रे? वाळूवर एकटेच? खोकला आहे त्यांना."

एसानं काही बोलायला तोंड उघडलं. एलिफलेटनं त्याचा दंड दाबला.

"सुखरूप आहेत, मावशी," तो म्हणाला. "तुम्ही आधी बसा. मग सांगतो."