घरची बातमी

शेवटच्या ध्वनिमुद्रणाला इंग्रजीच्या खानझोडे बाई फोडणीची पोळी घेऊन आल्या होत्या. नागपूरच्या त्या भाषातंत्र प्रयोगशाळेत त्यांची मुलगी विभा काचेपलीकडे बसली होती. जूनपासून नववीला माध्यम-इंग्रजी हा नवा विषय सुरू होणार होता. बातम्या, जाहिराती, क्रिकेटचं समालोचन ऐकायचं आणि त्यावर बोलायचं. शिकवणार होता स्वरशिक्षक, म्हणजे बाईंच्या आवाजात बोलणारं यंत्र.

"आई, पाणी पी. घसा बसलाय."

"बसू दे. उद्यापासून तुझं यंत्रच ओरडेल पोरांवर."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई स्वयंपाकघरात कोसळल्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं.

महिनाभर विभा सर्वांना एकच सांगत राहिली, आई गेली. रडू आलं नाही. मग ती कामावर परतली.

स्वरशिक्षक बांधणारी निखत बाईंचीच विद्यार्थिनी. ती म्हणाली, "ताई, तुमच्या संमतीशिवाय हा आवाज शाळांत जाणार नाही. नको म्हणालात तर पुसून टाकू."

"यात आई किती आहे?"

"बाईंच्या तासांवरून आपण सवय-प्रतिमान बांधलंय. त्यांना काय माहीत होतं, ते यात नाही. मूल काय बोललं की त्या काय म्हणायच्या, एवढंच आहे. तासाला त्या मराठी बोलत नसत, म्हणून यालाही मराठी येत नाही. आणि अर्धवट वाक्य हा सोडत नाही."

"हे मात्र आईचं."

"मला विचारा. दोन वर्षं छळलंय त्यांनी."

बाईंचा तास घरच्या बातमीने सुरू व्हायचा. प्रत्येकाने घरातली एक घटना वृत्तनिवेदकासारखी सांगायची. विभाने हेडफोन लावले.

"येस. न्यूज फ्रॉम होम?"

हुबेहूब आवाज. विभाला काहीच वाटलं नाही.

"माय मदर वेंट."

"वेंट व्हेअर?"

"माय मदर लेफ्ट अस."

"लेफ्ट फॉर व्हिच प्लेस?"

"शी इज नो मोर."

"नो मोर व्हॉट? अ न्यूजरीडर डझन्ट हाइड द न्यूज."

निखत पडद्याकडे पाहत पुटपुटली, "पोरांच्या बातम्या म्हणजे लग्न, परीक्षा, गाय व्याली. अशी बातमी तासाला कोणी सांगितलीच नसणार. ताई, खोट आहे ही. काढते मी."

"काढू नकोस. असंच जाऊ दे शाळांत."

"म्हणजे संमती?"

विभाने होकारार्थी मान हलवली. कानात बाई वाट पाहत होत्या.

"माय मदर डाइड."

"गुड. दॅट इज अ कम्प्लीट सेंटेन्स. अगेन, क्लिअरली."

आवाजात शाबासकी होती. विभाने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग त्या यंत्राला न कळणाऱ्या भाषेत ती म्हणाली, "माझी आई मेली."