साडेपाच तासांची चूक

कासू स्टेशनात गाडी थांबली आणि एक तरुण किमयाच्या शेजारी येऊन बसला. कंपनीचा निळा शर्ट, हातात मोबाईल. पडद्यावर एआयकडून लिहून घेतलेला एक छोटा प्रोग्राम होता. दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये डोकावू नये, हे तिला कळत होतं. पण ती रोज रोह्याहून पेणला जाऊन कोडिंगच शिकवायची. नजर आपोआप ओळींवरून फिरली.

"भरती-ओहोटीच्या वेळा चुकतायत तुमच्या," ती म्हणाली. "एआयनं परदेशातली वेळ धरलीय. साडेपाच तास मागची."

त्याने पडद्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे... जरा जास्तच वेळ.

त्याचं नाव हरेश. डोलवीच्या कारखान्यात कंत्राटी काम, खाडीकाठी वडिलांचं मिठागर. पाणी कधी आत घ्यायचं, हे फोनने सांगावं म्हणून त्याने हा खटाटोप केला होता. फोन वाजला की वडील केरू बांधावर जायचे आणि समोर ओहोटीचा चिखल बघून मुलाचा उद्धार करायचे. किमयाला हसू आवरलं नाही.

पुढच्या सोमवारी तो तिच्या क्लासमध्ये दाखल झाला. शिफ्ट सांभाळून यायचा, मागच्या बाकावर बसायचा. हे मशीनच लिहितं, तर सगळ्यांनी कशाला शिकायचं, असं त्याने पहिल्याच दिवशी विचारलं. तिने क्लासच्या जाहिरातीतलं उत्तर दिलं. ते तिलाच पटलं नाही. मग तोच वाद रोज सकाळी गाडीत चालू राहिला. एकदा त्याने घरचं खडेमीठ आणलं. तिने एक खडा तिथेच जिभेवर ठेवला आणि तो खिडकीबाहेर बघू लागला.

तिसऱ्या महिन्यात त्याने क्लास सोडला.

"मला प्रोग्राम लिहायचे नायत," तो म्हणाला. "मशीननं लिहिलेलं वाचता येतं, चूक दिसते. तेवढं पुरं हाय."

"बरं," ती म्हणाली आणि हजेरीतून त्याचं नाव खोडलं. पेन कागदात जरा जास्तच रुतलं.

त्याच आठवड्यात काही पालक चौकशीला आले. प्रत्येकाने कोडिंग शिकायलाच हवं का, असं त्यांनी विचारलं. लिहायला नाही शिकलं तरी चालेल, ती म्हणाली. मशीनने दिलेलं बरोबर की चूक, एवढं मात्र तपासता यायला हवं. दोघं प्रवेश न घेताच परत गेले. क्लासचे मालक तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिला त्याचं फारसं वाटलं नाही. वाटलं ते कासूला... गाडी थांबायची, सुटायची, शेजारची जागा रिकामी राहायची.

नवव्या दिवशी तो चढला. अंगात साधा सदरा.

"आज शिफ्ट नाही?"

"सुट्टी हाय."

"मग पेणला काय काम?"

"काय नाय." तो थांबला. "तुम्ही शिकवायच्या आणि मी तुमच्याकडंच बघत बसायचो. बरं वाटत नव्हतं ते. म्हणून सोडला क्लास, ही गाडीपण टाळली. आता तुमचा विद्यार्थी नाय मी, म्हणून विचारतो — मी आवडतो का तुम्हाला?"

गाडीचा वेग कमी झाला, फलाट सरकत आला. तिने पर्स खांद्याला लावली.

"पेण आलं," ती म्हणाली. "उतर."

‘उतरा’ नव्हे. तिच्याही ते बोलून झाल्यावरच लक्षात आलं.

क्लास दहाचा होता. ती पावणेअकराला पोचली.